कागद घेतात, पोच देत नाहीत

नाशिकरोडच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेबद्दल लिहिते आहे. नाव घालत नाही, कारण तक्रार अजून पूर्ण मिटलेली नाही. खातं माझ्या आईचं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, राहते जेलरोडला. वडील करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झाले. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि ती याच खात्यात येते. औषधं, किराणा, लाइटबिल, धुण्याभांड्याच्या मावशींचा पगार, सगळं त्या पेन्शनवर चालतं. 2025 च्या पावसाळ्यात बँकेने हे खातं अडवलं. ते मोकळं होईपर्यंत काय काय झालं ते लिहिते. रांग, सर्व्हर डाऊन, पासबुकाचं मशीन बंद, एवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. तेवढं आपण सगळेच सोसतो. माझी तक्रार अशी आहे की ही शाखा ग्राहकाकडून कागद घेते आणि घेतल्याची पोच देत नाही.

जुलैच्या सुरुवातीला आईने नेहमीसारखा सेल्फचा चेक लिहून दिला आणि मी तो घेऊन गेले. काउंटरवरून चेक परत आला. "खातं फ्रीझ आहे, केवायसी ड्यू आहे." म्हणजे ओळखीचे कागद पुन्हा द्यायची मुदत उलटली होती. पेन्शन जमा झालेली त्यांच्या स्क्रीनवर दिसत होती, पण काढता येत नव्हती. आधी कळवलं का नाही असं विचारलं, तर उत्तर आलं, "एसएमएस गेला असेल." घरी येऊन आईचा फोन पाहिला. साधा बटणांचा फोन आहे. रिचार्जच्या आणि लोनच्या जाहिरातींच्या ढिगात इंग्रजीतला एक मेसेज सापडला. आई चौथी शिकलेली, ती मराठी पेपर रोज वाचते, पण इंग्रजी मेसेज तिने कसा वाचावा? पत्र एकही आलं नव्हतं. पत्ता गेली तीसेक वर्षं तोच आहे, पोस्टमन ओळखीचा आहे.

मी त्या रात्री रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश काढून वाचले. 12 जून 2025 ला त्यात सुधारणा झाली आहे. मुदत संपण्याआधी ग्राहकाला किमान तीन वेळा कळवायचं, त्यातलं एकदा तरी पत्राने. मुदत उलटल्यावर पुन्हा किमान तीन वेळा, त्यातही एक पत्र. ही पद्धत बँकांनी 1 जानेवारी 2026 पर्यंत लागू करायची होती, त्यामुळे जुलैमध्ये पत्र आलं नाही याबद्दल मी त्यांना नियमभंगाचा दोष देत नाही. पण त्याच सुधारणेत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिला पुढची तारीख नाही. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी थकली तरी त्याचे सगळे व्यवहार चालू ठेवायचे. केवायसी पूर्ण करून घ्यायला मुदत संपल्यापासून एक वर्ष किंवा 30 जून 2026, यातली जी तारीख नंतरची तोपर्यंत वेळ दिला होता. कोणता ग्राहक कोणत्या वर्गात आहे हे बँक ग्राहकाला सांगत नाही, ते गोपनीय ठेवायचं असा नियमच आहे, मान्य. पण सरकारी पेन्शन जमा होते आणि महिन्याकाठी दोन चेक निघतात, याखेरीज ज्या खात्यात काहीच घडत नाही, ते जोखमीचं कसं ठरेल? हा प्रश्न मी शाखेत तोंडी विचारला, नंतर लेखी विचारला. उत्तर आजपर्यंत नाही.

केवायसीत काहीच बदललं नसेल तर नुसतं तसं लिहून दिलं तरी चालतं. नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलवरून, एटीएमवरून किंवा साध्या पत्रानेही. आईचा पत्ता तोच, आधार तेच, पॅन तेच. मी तसं पत्र मराठीत लिहिलं, आईची सही घेतली, सोबत आधार-पॅनच्या झेरॉक्स जोडल्या आणि हाफ डे टाकून शाखेत नेऊन दिल्या. टेबलावरच्या अधिकाऱ्याने ते न वाचता बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवलं. "चार दिवसांनी बघा." मी दुसरी प्रत पुढे केली आणि यावर पोच द्या म्हटलं. तो म्हणाला, "आमच्याकडे तशी पद्धत नाही."

मी अंबडला एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. आवक-जावक रजिस्टर माझ्याच टेबलावर असतं. कोणाचंही साधं चलन आलं तरी शिक्का, तारीख, सही झाल्याशिवाय ते आत जात नाही. वडिलांकडून तर हे मी लहानपणापासून ऐकत आले. प्रेसमध्ये एका विभागातून दुसऱ्या विभागात काही जायचं तर ते मोजून आणि सही घेऊनच, असं ते सांगायचे. घरी गॅसवाल्यालाही पावतीवर सही करायला लावायचे. त्यामुळे एका बँकेत, जिथे दिवसभर दुसऱ्यांचे पैसे आणि कागद हातात येतात, तिथे पोच देण्याची पद्धत नाही हे ऐकून मला आधी खरंच वाटलं नाही. केवायसीच्या निर्देशांत तर स्पष्ट लिहिलं आहे: ग्राहकाने कागद किंवा स्वतःचं निवेदन दिलं की ते मिळाल्याची तारीख घालून पोच द्यायची, आणि नोंद अद्ययावत झाली की ती कोणत्या तारखेला झाली हेही ग्राहकाला कळवायचं. मी हे त्या अधिकाऱ्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुढचं टोकन बोलावलं.

पोचेचा एवढा आग्रह का, ते सांगते. आठवडाभराने गेले तर टेबलावर दुसरीच व्यक्ती होती. तिने ड्रॉवर उघडला, गठ्ठा चाळला. "आजींचे कागद दिसत नाहीत, पुन्हा देऊन ठेवा." म्हणजे माझ्या आईच्या आधार-पॅनच्या सहीनिशी प्रती त्या इमारतीत कुठेतरी पडून आहेत, आणि त्या तिथे दिल्या होत्या हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नाही. उशीर बँकेचा, पण कागदोपत्री तो झालेलाच नाही, कारण कागदोपत्री मी तिथे गेलेच नव्हते. मी पुन्हा दिले, पुन्हा पोच मागितली, पुन्हा नकार. या वेळी "नाही देत" एवढं तरी याच कागदावर लिहा असं म्हटलं, तर तेही नाही.

त्यानंतर सही निघाली. आईचा हात गेल्या दोन वर्षांत थरथरायला लागला आहे. ती मराठीत सही करते, पूर्वी अक्षर वळणदार होतं, आता रेघ डगमगते. "सही मॅच होत नाही, आजींना घेऊन या." शाखा पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिन्याच्या पायऱ्या उंच, एका बाजूला कठडा. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. तरी रिक्षा करून तिला नेलं. खालच्या दुकानदाराने बिचाऱ्याने स्टूल दिला, त्यावर तिला बसवलं आणि मी वर जाऊन हात जोडून म्हटलं, साहेब, आई खाली आली आहे, दोन मिनिटं खाली येऊन बघा, आधारकार्ड तिच्या हातात आहे. ते म्हणाले, काउंटर सोडून येता येत नाही. बाहेर पाऊस लागला होता. आई अर्धा तास त्या स्टुलावर बसली, मग मी तिला घरी नेलं. परत येताना ती काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अगं, तुझ्या वडिलांच्या पगाराचं खातं होतं ते. त्यांना उठून नमस्कार करायचे तिथले लोक."

सही बदललेल्या म्हाताऱ्या माणसासाठी वेगळी वाट आहे, ती त्या टेबलावर कोणाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या नियमांत आजारी, वृद्ध, सही करता न येणाऱ्या खातेदारांसाठी अंगठ्याची सोय आहे. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आणि सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यायची हे तर 9 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकापासून आहे. रोख पोचवणं, चेक घेऊन जाणं, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरून घेणं, हे सगळं त्यात आहे. बँक त्यासाठी आकार घेऊ शकते, आम्ही तो द्यायला तयार होतो. घरपोच सेवेबद्दल मी विचारलं तेव्हा सांगितलं, "आपल्या ब्रँचला नाही ती सोय." कोणत्या ब्रँचला आहे? "ते माहीत नाही." त्याच भिंतीवर ज्येष्ठ नागरिकांचा आदर करण्याचा बोर्ड लावलेला होता.

हा मधला काळ आईने कसा काढला ते लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं. पैसे मी दिलेच असते, देतच होते. पण आईला मुलीकडून पैसे घ्यायची सवय नाही. वडील गेल्यापासून तिने कधी माझ्याकडे हात पसरला नाही, उलट दिवाळीला नातवंडांच्या हातात पाकीट तीच ठेवते. मेडिकलवाला अनेक वर्षांचा ओळखीचा, तो म्हणाला, आजी, पैशांचं राहू द्या. आईने मग बीपीच्या गोळ्या एका पट्टीऐवजी अर्धी पट्टी आणायला सुरुवात केली, उधारी वाढायला नको म्हणून. हे मला मावशींकडून कळलं, आईकडून नाही. मावशींचा पगारही थांबला होता, आणि त्या बाईंनी "आजी, मिळाले की द्या" म्हणून काम सोडलं नाही. आई रोज संध्याकाळी विचारायची, "झालं का गं खातं?" मी "होतंय" म्हणायचे. जे पैसे तिचे आहेत, दर महिन्याला जमा होत आहेत, त्यांच्यासाठी तिला अशी वाट पाहायला लावली, हे मी विसरू शकत नाही. शाखेतल्या प्रत्येक माणसाने हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं: तुमच्या गठ्ठ्यात पडलेला तो कागद म्हणजे कोणाच्या तरी गोळ्यांची पट्टी असते.

शेवटी मी तोंडी बोलणं बंद केलं. शाखा व्यवस्थापकांच्या नावे एक पानी अर्ज लिहिला. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, कोणत्या तारखेला काय दिलं, कोणी काय उत्तर दिलं, कोणत्या निर्देशानुसार काय हवं आहे, बस. नाशिकरोड पोस्टातून स्पीड पोस्टाने, पोचपावती मागून पाठवला. त्याच दिवशी तोच मजकूर बँकेच्या ग्राहक तक्रार पोर्टलवर टाकला. तिथे तक्रार क्रमांक लगेच आला. इतके दिवस जी तारीख कोणी कागदावर येऊ देत नव्हतं, ती पोस्टाने आणि एका वेबसाइटने दिली.

आणि मग सगळं हललं. शाखेतून फोन आला, पहिल्यांदाच "मॅडम" म्हणून. दोन दिवसांनी एक तरुण अधिकारी घरी आला. बाहेरच्या राज्यातला मुलगा, मराठी तोडकीमोडकी, पण चप्पल काढून आत आला, आईच्या शेजारी बसला, अंगठा घेतला, शेजारचे काका साक्षीदार झाले, ते त्याच शाखेचे जुने खातेदार. काम पंधरा मिनिटांत संपलं. आईने त्याला चहा दिला, त्याने घेतला. जाताना तो म्हणाला की शाखेत माणसं कमी आहेत, थकलेल्या केवायसीचे गठ्ठे पडले आहेत, वरून रोज टार्गेट येतं. त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. तीन माणसांचं काम एकटा करणाऱ्या मुलावर मी रागावू शकत नाही. त्याच्या हातात छापील फॉर्म होता, तो फक्त हिंदी-इंग्रजीत, तेव्हा आईला काय लिहिलंय ते मीच वाचून दाखवलं. असे फॉर्म तीन भाषांत असावेत असं रिझर्व्ह बँक सांगते, आणि नाशिकमध्ये तिसरी भाषा मराठी आहे. त्याला मी पोच मागितली. त्याने कार्बन नव्हता म्हणून दुसऱ्या प्रतीवर हाताने लिहून, तारीख घालून सही केली. म्हणजे देता येते.

खातं दुसऱ्या दिवशी चालू झालं. दिलगिरीचा शब्द नाही. पोर्टलवर तक्रारीपुढे "निराकरण झाले" असं आलं. पासबुक भरून घेतलं तेव्हा दिसलं की मधल्या काळात आईच्या आरोग्य विम्याचा हप्ता खात्यातून कापला जायला आला होता आणि खातं अडलेलं असल्याने परत गेला. त्या परत गेलेल्या हप्त्याचा दंड आईच्या खात्यातून वसूल झाला आहे, वर जीएसटी. शिल्लक पुरेशी होती. हप्ता बँकेने अडवला आणि दंड आईने भरला. हप्ता मी माझ्या कार्डावरून भरून विमा वाचवला, पण दंड परत मिळावा म्हणून नवीन लेखी तक्रार केली आहे. रक्कम मोठी नाही. तरी ती आईची आहे आणि कापण्याचं कारण बँक आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, अशी एकात्मिक लोकपाल योजना 2021 पासून आहे. तक्रार फुकट असते. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन या पत्त्यावर करता येते, 14448 वर माहिती मिळते, मराठीतही बोलतात. पण लोकपाल पहिली गोष्ट हीच विचारतो की बँकेकडे लेखी तक्रार कधी केली. तिथे ज्याच्याकडे पोच नाही त्याचे तीस दिवस कधीच सुरू होत नाहीत. जेलरोड, उपनगर, नेहरूनगर भागात प्रेसच्या पेन्शनर कुटुंबांची किती घरं आहेत ते इथल्या लोकांना सांगायला नको. त्यांनी या शाखेत, खरं तर कुठल्याच शाखेत, दोन प्रती घेतल्याशिवाय जाऊ नये. पोच नाकारली तर वाद न घालता सरळ पोस्टात जावं.

पोस्टाबद्दल एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मला पुन्हा त्या जिन्यावर आईला न्यायचं नव्हतं. आमच्या भागातल्या पोस्टमनला विचारलं, तो मशीन घेऊन घरी आला, आईचं बोट ठेवलं, सत्तर रुपये घेतले, आणि तो उठायच्या आत प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा मेसेज आईच्या त्याच बटणांच्या फोनवर आला. आईने विचारलं, "झालं? एवढंच?" तो म्हणाला, "झालं आजी, आता पुढच्या वर्षी."

पेन्शनचं खातं आई हलवू देत नाही. वडिलांनी उघडलेलं आहे, ते राहू दे म्हणते, आणि मी तिच्याशी त्यावर वाद घालणार नाही. पण याच शाखेत तिची एक मुदत ठेव आहे, ती मार्चमध्ये पिकते. ती मी तिथे पुन्हा ठेवणार नाही, हे आईने मान्य केलं आहे. ते पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातील, फॉर्म आणून भरून ठेवला आहे.